खोटा आवाज

या गावाचं नाव घ्यायला मला दोन हिवाळे लागले.
लानेली म्हणते मी, आणि सगळे समजून घेतात.
खरं तर जीभ टाळूला टेकवून
दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची असते,
आवाज न करता.
ते ‘न करता’च जमत नव्हतं.

मिरजेत मी कन्याशाळेत पी.टी. शिकवायचे.
साडेचारशे पोरी, एक मैदान, भोंगा कायम नादुरुस्त.
माझ्या ‘सावधान’नं तंतुवाद्यांच्या गल्लीतले
कच्चे भोपळे थरथरतात,
असं आमचा शिपाई म्हणायचा.
संध्याकाळी नेर्लेकर मास्तरांकडे
तार षड्जाला मान ताठ, गळ्याच्या शिरा म्हणजे दोरखंड.
चुकून आवाज बारीक झालाच
तर मास्तर पेटीचा भाता मिटायचे.
“खोटा आवाज लावू नकोस, कुंदा.
चोरी आहे ती.”

आता ग्लेनिस पार्फिट, वय एकोणऐंशी,
चॅपलमागच्या खोलीत, तापल्या हीटरच्या धुरकट वासात
भिंतीवरच्या जुन्या सोल-फा तक्त्याला छडी टेकवते.
त्यांचा ‘ला’ म्हणजे आमचा धैवत.
त्यातही वरचा.
मी ओढणी खोचते, शिडी लावते, चढते,
आणि शेवटच्या पायरीवर कुणीतरी माझा गळा धरतं.
मीच.
“कमी,” ग्लेनिस म्हणते. “अजून कमी.
तू दार ढकलतेयस, कूंडा.
ते तुझ्याकडे उघडतं.”

तिनं मला एक कागदी नळी दिली, अर्धा ग्लास पाणी,
म्हणाली, यात गा.
बावन्नाव्या वर्षी मी बुडबुडे काढले.
ते गेले की धैवतापर्यंत, वाटेत कुठे न अडखळता!
पियानोवर इद्रिस चष्मा पुसत हसला.
मलाही हसू आलं, मग रडू, मग राग.
नळी काढली की पुन्हा मैदान.

मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली.
तरी त्या रात्री त्यांना कसं सांगू सुचेना
की इथं चोरीचीच शिकवणी लावलीय,
आठवड्याला बारा पौंड.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझी सकाळची पाळी.
समोर मेअरवेन, मध्ये चादर.
दोन टोकं तिची, दोन माझी.
झटका द्यायचा, तोही मनगटापुरता,
की चादर उठते,
पोटात हवा घेते, घुमट होतो,
आणि तो मधला भाग, सगळ्यांत उंच,
कुणाच्याच हातात नसतो.
दिवसाला तीनशे चादरी. सहा वर्षं.
त्या गुरुवारी मी पहिल्यांदा पाहिलं.
“पुन्हा कर,” मी म्हटलं.
“कशाला? डाग आहे?”
“नाही. कर.”
तिनं केलं.
यंत्रांच्या घरघरीत मी तोंड किंचित उघडलं
आणि टोकं तेवढी धरली.

आला.
सुईएवढा बारीक.
मला तो ओळखीचा वाटेना,
म्हणून मी त्याला हात लावला नाही.
मेअरवेननं कान टवकारले, म्हणाली,
“चार नंबरच्या ड्रायरची शिट्टी वाजतेय बहुतेक,”
आणि बघायला गेलीसुद्धा.

मंगळवारी ग्लेनिससमोर तो आला नाही.
पुढच्या मंगळवारी अर्धा आला,
कानामागून कुणी शीळ घालून पळावं तसा.
ग्लेनिसनं काही म्हटलं नाही.
फक्त छडी खाली ठेवली
आणि हीटर एका खुणेनं मंद केला.

काल स्वान्झीहून परतताना
बसवाल्यानं विचारलं, कुठे?
बाहेर ओहोटी, मैलभर उघडा पडलेला गाळ.
मी जीभ टाळूला टेकवली
आणि दोन्ही बाजूंनी सोडली.
त्यानं मान वर न करता तिकीट फाडलं.
ते अजून पर्समध्ये आहे,
पाण्यानं मऊ पडलेल्या त्या नळीशेजारी.